डिझेलात पाणी, ट्रक चढाला



मोकळा ट्रक बरा पळतो, पण ऊस भरला की चढाला दम टाकतो, झटके देतो. ड्रायव्हर म्हणतो, "पंप गेला!" आणि फिटर गाठतो. जरा थांबा, आधी डिझेल बघा.

इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन बोल्ट सैल करावा. पहिले डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवावे. पाणी जड, ते तळाला बसते. मध्ये काळपट, बुळबुळीत थर दिसला तर टाकीत जंतू वाढलेत असे समजावे. मग नुसता फिल्टर बदलून भागत नाही, तो पुन्हा तुंबतो. टाकी उतरवून धुवावीच लागते. गेल्या हंगामात मी हा कंटाळा केला. दोन फिल्टर गेले, भरलेली गाडी घाटाखाली दीड दिवस उभी. तोडलेला ऊस वाळून वजनाला आणि उताऱ्याला घटतो, टोळी बसून राहते ती वेगळीच.

दोष नेहमी पेट्रोल पंपाचाच नसतो. थंडीत अर्ध्या टाकीत रात्रभर दव धरते. झाकणाचे रबर फाटलेले असते. उघड्या बॅरलचे डिझेल ओतले जाते. म्हणून संध्याकाळीच टाकी भरावी.

जुन्या गाडीत पाइप ढिला करून हवा काढत होतो. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत, कॉमन रेलवर, ते मुळीच करू नका. दाब हजार बारच्या वर असतो, फवारा कातडीत घुसतो. तिथे कंपनीचा मेकॅनिकच बोलवा.