स्पेलिंग बरोबर, शब्द चुकीचा

माझ्या सिनॉप्सिसमध्ये 'कॉझल' हा शब्द अकरा ठिकाणी हवा होता. मी अकराही ठिकाणी 'कॅज्युअल' लिहून ठेवला होता. म्हणजे दोन घटकांमध्ये कार्यकारणसंबंध आहे असं म्हणायचं होतं, आणि कागदावर आलं की त्यांचा संबंध आपला सहज, येता-जाता आहे! इंग्रजीत या दोन शब्दांमध्ये फक्त यू आणि एसची अदलाबदल होते. स्पेलचेकने एकदाही लाल रेघ मारली नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या कोशात आहेत. समितीतल्या एका मॅडमनी पहिल्याच पानावर पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, "नक्की काय सिद्ध करायचंय तुम्हाला?"

त्या दिवशी "हल्लीच्या मुलांना धड इंग्रजी लिहिता येत नाही" हे वाक्यही ऐकलं. तुम्हीही ऐकलं असेल, नसेल तर ऐकाल. पण आपण संशोधन करायला निघालोय, तर या वाक्याकडेही गृहीतक म्हणून बघूया. ते कोणी मोजलंय का?

मोजलंय. अँड्रिया लन्सफर्ड आणि कॅरन लन्सफर्ड यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचे ८७७ निबंध तपासले आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांनी आपले आकडे जुन्या अभ्यासांशेजारी ठेवले. दर शंभर शब्दांमागे चुका किती? १९१७ मध्ये २.११, १९३० मध्ये २.२४, १९८६ मध्ये २.२६ आणि २००६ च्या निबंधांत २.४५. नव्वद वर्षांत एवढाच फरक! आणि या काळात निबंधाची सरासरी लांबी १६२ शब्दांवरून १,०३८ शब्दांवर गेली. मग प्राध्यापकांना मुलं बिघडल्यासारखी का वाटतात? माझा अंदाज असा की एका निबंधात पूर्वी तीन-चार चुका दिसायच्या, आता पंचवीस दिसतात. प्रमाण तेच, पण लाल शाई जास्त लागते.

अर्थात हा अभ्यास तिकडचा. मराठी माध्यमातून आलेल्या आणि इंग्रजीत थिसिस लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. १९८६ मध्ये स्पेलिंगच्या चुका इतक्या पुढे होत्या की त्यांचा विचार वेगळा करावा लागला. २००६ मध्ये स्पेलिंग पाचव्या क्रमांकावर घसरलं आणि पहिल्या क्रमांकावर आला 'चुकीचा शब्द'. संगणकाने स्पेलिंग सुधारलं, पण सुधारताना कधीकधी भलताच शब्द बसवला. 'डेफिनेटली'चं स्पेलिंग गडबडलं की तो 'डिफायंटली' सुचवतो. 'निश्चितपणे'च्या जागी 'उद्धटपणे'. आपण घाईत होकार देतो आणि पुढे जातो.

म्हणून थिसिस तपासताना चुकांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगातल्या चुका खटकतात, पण अर्थ बिघडवत नाहीत. 'डिस्कस अबाउट' ही त्यातली. मराठीत आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो, तो 'बद्दल' तिकडेही आपल्यासोबत येतो. 'रिसर्चेस', 'इन्फर्मेशन्स' हेही तसलेच. दुरुस्त करा, पण त्यासाठी रात्र जागू नका.

दुसरा ढीग घातक. मापनश्रेणीच्या बाबतीत 'ॲडॉप्टेड' लिहिलं की ती जशीच्या तशी वापरली असा अर्थ होतो, 'ॲडॅप्टेड' लिहिलं की बदल करून. तुम्ही चार प्रश्न बदलले असतील आणि 'ॲडॉप्टेड' लिहिलं असेल, तर तुमच्या संशोधन पद्धतीबद्दल तुम्ही चक्क खोटं विधान केलंय. उलट झालं, तर परीक्षक विचारणार की बदलानंतर विश्वसनीयता पुन्हा तपासलीत का. मानसशास्त्रवाल्यांनी 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' जपावं, कारण तिथे 'ॲफेक्ट' हे भावावस्थेसाठी स्वतंत्र नाम आहे. आणि 'पब्लिक हेल्थ'मधला एल गळला तर काय होतं ते कोशात बघा. मी इथे लिहीत नाही.

आपल्याला सगळ्यात जास्त छळतं ते मात्र एकाक्षरी 'अ'. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते गळालेलं आपल्या कानाला कळतच नाही. 'अ फ्यू स्टडीज' म्हणजे या विषयावर काही अभ्यास झालेत. नुसतं 'फ्यू स्टडीज' म्हणजे फारसे झालेच नाहीत. संशोधनातली पोकळी दाखवणारं अख्खं प्रकरण या एका अक्षरावर उभं असतं!

अजून एक प्रकार, आणि यात दोष फक्त इंग्रजीचा नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्या आकड्याच्या धास्तीने मुलं परिच्छेद सॉफ्टवेअरमध्ये घालतात आणि शब्द बदलून घेतात. पारिभाषिक शब्दाला समानार्थी शब्द नसतो, हे सॉफ्टवेअरला कुठे ठाऊक? कबानाक, लाबे आणि मगाझिनोव यांनी २०२१ मध्ये छापील शोधनिबंधांतून असे नमुने गोळा केले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे बनावट जाणीव. व्याकरण शुद्ध, स्पेलिंग शुद्ध, आणि लिहिणाऱ्याने स्वतःचा लेख वाचलेलाच नाही याचा पुरावा. साम्य कमी करायचं असेल तर मूळ लेख मिटून ठेवा आणि समजलंय ते आपल्या शब्दांत लिहा. पारिभाषिक शब्दाला हात लावू नका.

मी आता एक यादी ठेवली आहे. कॅज्युअल, ॲडॉप्ट, अफेक्ट, फ्यू, प्रिन्सिपल, असे पंधरा-वीस शब्द. प्रकरण गाईडकडे पाठवण्याआधी प्रत्येक शब्द कंट्रोल-एफने शोधायचा आणि त्या जागी मराठीत मनाशी विचारायचं, मला इथे काय म्हणायचंय? अर्धा तास जातो. तुमची यादी तुमच्या विषयाप्रमाणे वेगळी होईल. गेल्या आठवड्यात तिसरं प्रकरण असंच तपासलं. मजकूर स्वच्छ होता. एका तक्त्याच्या शीर्षकात मात्र 'कॅज्युअल' बसलेला होता.