कपाटातले पुस्तक दुसऱ्याच्या हातात कसे जाईल?

दर ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि रात्री दादरहून मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीकडे परतणाऱ्या लोकलमध्ये पुस्तकांच्या पिशव्या दिसतात. आपला समाज पुस्तके विकत घेतो, यात वाद नाही. पण त्यातली किती पुस्तके दुसऱ्या माणसाच्या हातात जातात? बरीचशी शोकेसमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी जाऊन बसतात.

बाबासाहेबांपर्यंत बुद्ध पोहोचला तो एका भेट मिळालेल्या पुस्तकातून. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनीच हे सांगितले आहे. ते इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. रामजीबाबांचा विरोध होता. पोराच्या डोक्यात हवा जाईल ही भीती! दादा केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, सभेचे अध्यक्षपद घेतले आणि स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. ते वाचून मुलगा थेट वडिलांनाच विचारू लागला, की तुम्ही आम्हाला बौद्ध साहित्य का दिले नाही? पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचा हात होता. म्हणजे पुस्तक देऊन ते मोकळे झाले नाहीत.

आपल्याकडे वाचनाची आणखी एक जुनी रीत आहे: एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ हे अंक चाळीत, वस्तीत असेच ऐकले गेले. वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, उपनगरांतल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन होते, ते याच रीतीने. ज्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, अशा कितीतरी उपासिका हा ग्रंथ केवळ ऐकून जाणतात. माझ्या मते आपले सर्वांत मोठे वाचन मंडळ हेच. पण अनेक ठिकाणी वाचणारी व्यक्ती तीच असते, ती साठीच्या पुढची असते आणि पान संपले की वंदना घेऊन सगळे उठतात. तरुण मुलगी किंवा मुलगा आठवड्यातून एक दिवस वाचायला बसला आणि नंतर दहा मिनिटे, ‘हे तुम्हाला पटले का?’ एवढेच विचारले, तरी सभेचा रंग बदलतो. बाबासाहेबांनी ग्रंथाबरोबर प्रश्नही ठेवले आहेत. ते विचारायचे कोणी?

घाटकोपरच्या तरुणांनी दूर जायला नको. चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहिले. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेल्या या लेखकाने ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्याला जाडजूड ग्रंथाची धास्ती वाटते, त्याच्या हातात आधी ही कादंबरी द्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला एकदम ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ देणे म्हणजे त्याला वाचनातून पळवून लावणे. ते पुस्तक त्याचा प्रश्न तयार झाला की द्यावे.

भाषणे-लेखनाचे शासनाचे खंड १९७९ पासून निघत आहेत. किंमत कमी, पण हवा तो खंड हवा तेव्हा मिळेलच असे नाही. म्हणून मंडळातल्या पाच जणांनी वेगवेगळे खंड घ्यावेत आणि आपसांत फिरवावेत. विहारात एक वही ठेवा: पुस्तक, नेणाऱ्याचे नाव, तारीख. पुस्तक परत आले की वहीत सही घेण्याआधी कोणते पान आवडले ते विचारा. एखादे पुस्तक परत येणार नाही, त्यावरून भांडू नका. ते कोणाच्या तरी घरात आहे.