सतरा नंबरचं कार्ड

“मावशी, जुन्या लग्नपत्रिका टाकून दिल्यास का गं?”

रात्रीचे साडेदहा वाजलेले. ओटा आवरून मी नुकतीच टेकले होते आणि भाचीबाईंची ही मागणी! आमच्या कपाटावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा कायमचाच. वर गणपतीचं चित्र असतं, टाकवत नाही. तो गठ्ठा खाली आला आणि दिवाणखान्यात कात्री, डिंक आणि पुठ्ठ्यांचा पसारा मांडला गेला. “गणपती कापायचा नाही हं,” सासूबाईंनी आतूनच बजावलं.

माझ्या बहिणीची ही लेक बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज आमच्या गावात, म्हणून राहायला आमच्याकडे. सध्या तिची आंतरवासिता सुरू आहे, म्हणजे एका शाळेत जाऊन खऱ्याखुऱ्या वर्गावर शिकवायचं. पाठ टाचण काढायचं, मार्गदर्शक बाई मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणार, वहीत शेरा लिहिणार. माझी थोरली जाऊ डी.एड. करत होती तेव्हा घरात घडी फळ्याच्या गुंडाळ्या आणि रंगीत तक्ते असायचे. आता तक्त्यांची जागा मोबाइलने घेतली असेल, अशी माझी समजूत. मग हे पुठ्ठे कशाला?

त्यामागे एक फसलेला पाठ होता.

पाचवीचा वर्ग, विषय अपूर्णांक. पोरीने आठवडाभर यूट्यूब पालथं घालून एक सुरेख व्हिडिओ शोधला होता. रंगीत केक, त्याचे भाग, मागे गोड संगीत. शाळेतला प्रोजेक्टर मागून घेतला, खिडक्यांना चादरी लावल्या. मुलं एकदम खूश. शेवटी तिने विचारलं, “समजलं का?” सगळा वर्ग एका सुरात, “होऽऽऽ!” घरी आली ती जिलेबी घेऊनच.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. १/३ मोठा की १/४, या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त मुलांनी १/४ मोठा असं लिहिलं होतं. का? तर तीनपेक्षा चार मोठे! मार्गदर्शक बाईंचा शेरा एका ओळीचा होता. ‘व्हिडिओ छान. तुम्ही कधी शिकवणार?’ त्या रात्री ती जेवली नाही. बाईंचा मला आधी रागच आला. नव्या मुलीला इतकं टोचून लिहावं का? पण त्या ‘होऽऽऽ’चा विचार केला तर बाईंचं चुकलं असंही म्हणवेना. आपण सगळ्याच जणी शाळेत असा ‘हो’ म्हणून बसलेल्या आहोत की!

नंतरचे पंधरा दिवस पोरगी रात्र रात्र मोबाइलमध्ये. मी आधी रागावले, मग शेजारी जाऊन बसले आणि मलाच त्यात गोडी लागली. किती काय काय आहे, मैत्रिणींनो! बालभारतीची पुस्तकं पीडीएफच्या रूपात फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश आता घरबसल्या वाचता येतो. अरविंद गुप्ता यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. काडेपेट्या, सायकलचे व्हॉल्व्ह, रिकाम्या बाटल्या अशा टाकाऊ वस्तूंपासून केलेली त्यांची विज्ञान खेळणी आणि ढीगभर पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर खुली आहेत, मराठीतही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकार तर मला फारच आवडला. पडद्यावरच बॅटरी, वायर आणि बल्ब जोडून बघायचे, चुकलं तर शॉक नाही की खर्च नाही. अपूर्णांकांचेही खेळ आहेत त्यात. बरेच प्रयोग मराठीत मिळतात आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतात.

भाचीने एक वही केली. प्रत्येक साधनाचं नाव आणि पुढे तीन प्रश्न. मराठीत आहे का? नेट लागतं का? आणि मोबाइल किती लागतात? या तिसऱ्या प्रश्नाने निम्मी वही बाद केली. प्रत्येक मुलाच्या हातात मोबाइल हवा, असं धरून बनवलेली साधनं आपल्या शाळांत कशी चालायची?

तिने वर्गात एकदा सहज विचारलं, घरी मोठ्या स्क्रीनचा फोन कोणाकडे असतो? “पप्पांकडे, रात्री येतात.” “दादाकडे.” “आईचा बटनवाला आहे.” एका मुलीने तर सांगितलं, की फोन आहे पण दादाचा अभ्यास झाल्यावर मिळतो आणि तोवर तिला झोप लागते. गृहपाठ मात्र व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर संध्याकाळी साडेसातला येतो! त्या वेळी घरातल्या मुली काय करत असतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. कुकर लावणं, धाकट्याला सांभाळणं, पाणी भरणं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. घरात एकच फोन आणि मुलं दोन, तर तो कुणाच्या हातात गेला?

मग तिला हवं ते सापडलं. नाव ‘प्लिकर्स’. मोबाइल लागतो तो एकच आणि तोही शिक्षकाचा. मुलांच्या हातात नुसतं कागदाचं कार्ड. त्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची नक्षी, आपल्या क्यूआर कोडची धाकटी बहीणच म्हणा. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि तिला एक नंबर. चार कडांवर बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. बाईंनी प्रश्न विचारायचा, मुलाने आपल्या उत्तराचं अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. बाईंनी मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून हळूहळू फिरवायचा. कोणत्या नंबरने काय उत्तर दिलं, ते स्क्रीनवर हजर! शेजारच्याचं कार्ड बघून कॉपीही करता येत नाही, कारण नक्षीच वेगळी. कार्डं फुकट उतरवून साध्या कागदावर छापता येतात. चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. म्हणून कागद पुठ्ठ्यावर चिकटवायचा. म्हणून आमच्या लग्नपत्रिका!

कार्डं झाली, पण प्रश्न काढणं अवघड निघालं. तिने एआयला प्रश्न करायला सांगितले. दहा आले, त्यातले दोन चुकीचे आणि सगळ्यांत पिझ्झा. आमच्या गावात पिझ्झा मिळतो, पण पाचवीतल्या किती मुलांनी खाल्लाय? तिने ते बाजूला ठेवले. चार पर्यायांतले तीन चुकीचे असतात आणि खरं कौशल्य त्या चुकीच्या पर्यायांत आहे, असं तिच्या लक्षात आलं. मूल जिथे घसरतं नेमकी तीच चूक पर्यायात ठेवली, तर त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं. नाहीतर नुसता अंदाजपंचेचा खेळ.

आम्ही दोघी यावर डोकं खपवत होतो, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एवढं काय त्यात? जमिनीची वाटणी तीन भावांत झाली तर हिस्सा मोठा, का चार भावांत?” आमच्या सासूबाई चौथी पास. पावकी, निमकी, दिडकी अजून घडाघडा म्हणतात. भाचीने उठून त्यांना मिठीच मारली.

पाठाच्या दिवशी गोंधळ झालाच. दोघा-तिघांनी बोटांनी नक्षी झाकली, एकाने कार्डाचा पंखा करून वारा घेतला, मागच्या भिंतीजवळ उजेड कमी म्हणून चार कार्डं दिसेनात. पण पहिल्या प्रश्नाचा निकाल पाहून ती गार पडली. १/३ मोठा की १/४? अडतीसपैकी तेवीस जण चुकले होते. नेहमी “बाई मी, बाई मी” करत हात वर करणारा पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा त्या तेवीसमध्ये होता. आणि बरोबर उत्तर होतं सतरा नंबरचं. ही मुलगी तिसऱ्या रांगेत भिंतीला टेकून बसते. सहा आठवड्यांत तिने एकदाही हात वर केला नव्हता. भाचीच्या वहीत तिच्यापुढे ‘लक्ष नसते’ असं लिहिलेलं होतं.

मग तिने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, उत्तर सांगितलं नाही. मुलांच्या जोड्या केल्या आणि सासूबाईंची वाटणी फळ्यावर आणली. तीन भाऊ, चार भाऊ, शेत तेवढंच. एकमेकांना पटवून द्या म्हणाली. वर्गात ही गडबड! त्या गडबडीत भिंतीकडून एक बारीक आवाज आला, “बाई, बहिणी धरायच्या का?”

कोणी विचारलं, हे वेगळं सांगायला नको.

भाची सांगते, दोन क्षण तिला काही सुचेना. मागे मार्गदर्शक बाई बसलेल्या. मग ती म्हणाली, “धरायच्या. कायद्याने मुलींचाही हिस्सा सारखाच असतो. तीन भाऊ आणि दोन बहिणी, तर प्रत्येकाला किती?” “एक पंचमांश!” “मग तो १/३ पेक्षा मोठा की लहान?” (मैत्रिणींनो, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ ची आहे. हक्कसोडपत्रावर सही करताना आपल्यापैकी किती जणींना हा अपूर्णांक आठवतो?) पुन्हा कार्डं वर झाली तेव्हा चुकणारे नऊ उरले होते. त्या नऊ जणांना घेऊन ती दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कागदाच्या भाकऱ्या कापत बसली. त्यातले दोघे अजूनही अडतात म्हणे.

एक गोष्ट मात्र मला तिची फार आवडली. या साधनात वर्गाची यादी भरावी लागते. तिने नावं भरलीच नाहीत, नुसते नंबर टाकले. कोणता नंबर कोणाचा ते तिच्या वहीत. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. हे तिला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं, तिने स्वतः वाचून काढलं. आणि त्याचा उपयोग लगेच झाला. शाळेतल्या एका मोठ्या व्यक्तीला हा प्रकार इतका आवडला, की त्यांनी फर्मावलं, “बरोबर-चूक सगळं नावानिशी पालकांच्या ग्रुपवर टाका. आपली शाळा किती पुढे आहे ते दिसू दे.” आता आंतरवासितेचे गुण यांच्याच हातात. पोरगी घाबरली, पण म्हणाली, “सर, यात नावं नाहीतच.” सर नाराज झाले. गुणांचं काय व्हायचं ते होवो. चुकलेल्या तेवीस जणांची नावं ग्रुपवर गेली असती, तर पुढच्या वेळी तेवीस कार्डं खरं बोलली असती का?

आमच्या बचत गटाच्या सभेला मी तिला मुद्दाम नेलं. हप्त्यांचा हिशेब झाल्यावर तिने पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दाखवला. केंद्र सरकारचं ‘दीक्षा’ अॅप २०१७ चं. ते उघडायचं, कोडवर धरायचं, की त्या धड्याचं साहित्य समोर येतं. पुस्तकात असे कोड घालण्याची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी आधी करून दाखवली होती. त्यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. वाटणीचं गणित असंही असतं!

गटातली एक जण पुस्तक उलटसुलट करून बघत राहिली. “म्हणजे हे इथेच होतं? मी तर समजत होते, किंमत छापलीय.” दुसरीचा प्रश्न होता नेटचा, रोजचा डेटा संपला तर घरात भांडण. तिला भाचीने जिथे वायफाय असेल तिथे साहित्य आधीच उतरवून ठेवायला शिकवलं. तिसरी काहीच बोलली नाही. घरी जाताना मला हळूच म्हणाली, “फोन त्यांच्याकडे असतो ओ ताई. अर्धा तास मागून घ्यायचा, तर काय सांगून मागू?” याला कोणतं अॅप आहे? गटाच्या कार्यालयातला फोन दर शनिवारी तासभर मुलांसाठी ठेवायचं आम्ही ठरवलंय. पहिल्या शनिवारी चार मुलं आली, त्यात तीन मुली.

परवा पुन्हा तोच आवाज, “मावशी, एक पत्रिका दे गं.” आता काय? तर सतरा नंबर शाळा सुटल्यावर टेबलाशी येऊन उभी राहिली होती. कार्ड घरी नेऊ का, विचारत होती. भाचीने समजावलं, अगं, मोबाइलशिवाय त्याचा काही उपयोग नाही. ती म्हणाली, “असू दे बाई. मी धरते, आई बघेल.”

तिने ते देऊन टाकलं. वर्गासाठी दुसरं करायला हवं होतं. पुठ्ठ्यावर नक्षी चिकटवून ती वाळत ठेवली आणि मी कपाटावरचा गठ्ठा पुन्हा नीट बांधून ठेवला. अजून पाच-सहा पत्रिका आहेत.