मुंग्यांच्या राज्यात हुकूम कुणाचा?

'द अँट्स: अंडरग्राउंड किंगडम' हा मोबाईल गेम 2021 साली आला. जमिनीखाली खोल्या खोदायच्या, राणीला वाढवायचं, अंडी उबवायची, बुरशी पिकवायची आणि मग शेजाऱ्यावर चाल करून जायचं, असा त्याचा मामला. लोधीखेड्यात बसून हा गेम खेळणाऱ्या पोराची एक सोय आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या या संत्रापट्ट्यात मुंग्यांच्या खऱ्या वसाहती बांधावरच सापडतात, त्यामुळे गेमच्या थापा तिथल्या तिथे ताडून पाहता येतात.

'राणी हुकूम सोडते आणि बाकीच्या ऐकतात.'

ही सगळ्यांत मोठी थाप. राणी अंडी घालते, कारभार करत नाही. स्टॅनफर्डच्या डेबोरा गॉर्डन यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या बिया वेचणाऱ्या मुंग्यांचा अनेक वर्षं अभ्यास केला. बी घेऊन परतणाऱ्या मुंग्या दाराशी जितक्या भराभर भेटतील, तितक्या भराभर आतल्या बाहेर पडतात. परतणाऱ्या कमी झाल्या की बाहेर जाणंही मंदावतं. इंटरनेटवर माहितीचा ओघ कमीजास्त करण्याची रीतही अशीच आहे, हे गॉर्डन आणि त्यांचे सहकारी बालाजी प्रभाकर यांनी 2012 मध्ये दाखवून दिलं. इतकं सगळं होतं, पण कुणी कुणाला काही सांगत नाही.

भारतातल्या डायकामा मुंग्यांत तर राणी अशी वेगळी जातच नसते. कामकऱ्यांपैकीच एक अंडी घालते. कोलकात्याच्या आयसर संस्थेत सुमना अन्नागिरी यांच्या गटाने या मुंग्यांच्या घरबदलाचा अभ्यास केला आहे. नवी जागा ठाऊक असलेली मुंगी दुसरीला मागे घेऊन निघते, अशा जोड्याजोड्यांनी सगळी वसाहत हलते.

म्हणजे गेममध्ये बोटाने हुकूम सोडणाऱ्या खेळाडूला खऱ्या वसाहतीत जागाच नाही. विल राइट यांचा 1991 चा 'सिमॲंट' हा गेम या बाबतीत जास्त प्रामाणिक होता. हल्डॉब्लर आणि विल्सन यांच्या मुंग्यांवरच्या ग्रंथातून राइट यांना तो सुचला. त्यात खेळाडू एक साधी पिवळी मुंगी असे. बाकीच्यांपैकी साधारण किती जणी अन्न आणतील, किती खोदतील आणि किती पिल्लं सांभाळतील, हे त्याला ठरवता येई.

'मुंगी कधी रिकामी बसत नाही.'

शाळेत मुंगीचं उदाहरण देणाऱ्या गुरुजींना हे आवडणार नाही, पण बसते, आणि भरपूर बसते. ॲरिझोना विद्यापीठात डॅनियल शारबोनो आणि ॲना डॉर्नहाउस यांनी छोट्या टेम्नोथोरॅक्स मुंग्यांवर खुणा करून पाहिलं, तेव्हा सुमारे 40 टक्के कामकरी बहुतेक वेळ निवांत आढळल्या. सर्वांत कामसू मुंग्या काढून घेतल्यावर याच निवांत मुंग्यांतून आठवड्याभरात नव्या कामसू तयार झाल्या. ही राखीव फळी असावी. गेममध्ये मात्र रिकामी मुंगी दिसली की खेळाडूचा जीव खालीवर होतो.

'आपल्याकडच्या मुंग्याही बुरशीची शेती करतात आणि वारूळ बांधतात.'

पानं कापून त्यावर बुरशी पिकवणाऱ्या मुंग्या फक्त अमेरिका खंडांत आहेत. आपल्याकडे ही शेती वाळवी करते, आणि शेतात दिसणारं मातीचं उंच वारूळही तिचंच असतं. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी म्हणजे तिच्याच बुरशीला आलेलं फळ. नागपंचमीला पुजलं जाणारं वारूळ नागाने बांधलेलं नसतं. तो आयत्या बिळावरचा नागोबा. वाळवीला 'पांढरी मुंगी' म्हणायची पद्धत आहे, पण तिचं जवळचं नातं झुरळाशी आहे. मुंगीचं कूळ गांधीलमाशी आणि मधमाशीचं. शिवाय वाळवीच्या घरात राणीबरोबर राजाही राहतो आणि कामकऱ्यांत नर-मादी दोन्ही असतात. मुंग्यांत कामकरी सगळ्या माद्याच.

'संत्र्यावर मुंग्या चढल्या म्हणजे त्या झाड खातायत.'

हा गैरसमज गेमचा नाही, बांधावरचा आहे. इथे गेम खरं बोलतो, कारण मुंग्या मावा पाळतात हे त्यात दाखवलेलं असतं. मावा कोवळ्या पालवीचा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. तो चिकटा मुंग्यांचं अन्न. त्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि माव्यावर ताव मारायला आलेल्या ढालकिड्यांना हुसकावतात. उरलेला चिकटा पानांवर सांडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि बागायतदार म्हणतो, कोळशी आली. काळी माशी वाढली तरी हेच होतं. तेव्हा खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली, तर मुंग्यांवर औषध मारण्याआधी पालवी उलटून बघावी. खरा खाणारा बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

'गेम फुकट आहे.'

उतरवून घ्यायला फुकट. अंड्यापासून कामकरी मुंगी व्हायला निसर्गात कित्येक आठवडे लागतात. गेममध्येही थांबावं लागतं, पण पैसे मोजले की वेळ कमी होतो. कमाई तिथेच आहे. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने हे सगळं बंद झालं, असं काही पालक धरून चालतात. कायद्याची बंदी पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. वेळ वाचवायला गेममधले हिरे विकत घेणं म्हणजे साधी खरेदी. पोराच्या हातात आपला मोबाईल द्यायचाच असेल, तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे. ती आधी चालू करावी.