दशांश व्होल्टाचा हिशेब

पंजाबात सतलजकाठी नांगलला साठच्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेने पाण्याचे विघटन होत असे. त्यातल्या हायड्रोजनपासून अमोनिया आणि पुढे खत बने. नॉर्वेतल्या र्‍यूकानला तर हा उद्योग १९२९ सालीच उभा राहिला होता. म्हणजे हरित, अर्थात अक्षय विजेवर पाण्यापासून बनणाऱ्या, हायड्रोजनचे यंत्र नवे नाही. नांगलच्या पुढच्या विस्तारात मात्र खनिज तेलाची वाट धरली गेली. हे यंत्र नेहमी अडते ते विजेपाशी.

अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर म्हणजे ओळीने रचून पोलादी सळयांनी आवळलेल्या कप्प्यांची चळत. प्रत्येक कप्प्यात निकेलचे दोन इलेक्ट्रोड, मधे सच्छिद्र पडदा आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत तापलेले द्रावण. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो, धन टोकाला ऑक्सिजन. किलोभर हायड्रोजनला नऊ लिटर पाणी पुरते. वीज मात्र पन्नास युनिटांहून अधिक लागते. चार रुपये दराने तिचेच दोनशे रुपये झाले.

बाहेरून उष्णता न देता कप्पा चालवायला १.४८ व्होल्ट पुरायला हवेत. प्रत्यक्षात १.८ ते २ लागतात. वरचा प्रत्येक दशांश व्होल्ट किलोमागे अडीच युनिटांहून जास्त वीज खातो. ऑक्सिजन सुटण्याची क्रिया मंद असते, द्रावण आणि पडदा प्रवाह अडवतात, इलेक्ट्रोडला चिकटलेले बुडबुडे जागा व्यापतात. म्हणून आता इलेक्ट्रोड थेट पडद्याला टेकवतात, निकेलची जाळी खडबडीत करून तिचा पृष्ठभाग वाढवतात आणि जुन्या अ‍ॅस्बेस्टॉसऐवजी झिर्कोनियायुक्त पडदा वापरतात. ऑस्ट्रेलियात २०२२ साली संशोधकांनी पाणी केशाकर्षणाने इलेक्ट्रोडपर्यंत चढवले आणि बुडबुड्यांचा अडथळाच टाळला. प्रयोगशाळेतल्या त्यांच्या कप्प्याची कार्यक्षमता ९८ टक्क्यांवर गेली.

पण नांगलला धरणाची वीज होती. आज भिस्त उन्हावर आहे. ढग आला की प्रवाह घटतो. वायू कमी तयार होतो, पण पडद्यातून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. ऑक्सिजनमध्ये त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की स्फोटाचा धोका, म्हणून त्याआधीच यंत्र थांबवावे लागते. द्रावणाऐवजी प्रोटॉन वाहणारा पडदा वापरणारे पीईएम प्रकारचे यंत्र असे चढउतार सहज झेलते, पण त्याला इरिडियम लागते आणि जगभरात ते वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघते. शिवाय सौर प्रकल्प वर्षभरात क्षमतेच्या साधारण पाव भागाएवढीच वीज देतो. केवळ त्याच्यावर चालणाऱ्या यंत्राच्या किमतीचा बोजा किलोमागे चौपट होतो.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचे हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी यंत्र निवडताना पाटीवरच्या कार्यक्षमतेवर भुलून चालणार नाही. ऊन-पावसाचे अख्खे वर्ष काढल्यावर किलो कितीला पडला, ते विचारावे. कमी किमतीचे, ढगाळ दुपारीही बंद न पडणारे यंत्र चार-पाच टक्के जास्त वीज खाऊनही त्या हिशेबात स्वस्त ठरू शकते.