तेलकट केस व शाळेतील स्वच्छता-पाहणी

प्रार्थनेनंतरच्या स्वच्छता-पाहणीत नखे, दात व कपडे यांबरोबर केसही पाहिले जातात. केस चिकट दिसले की मूल अंघोळ करीत नाही, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो आणि पुष्कळदा तो वर्गासमोर बोलूनही दाखविला जातो. निष्कर्ष काढण्यापूर्वी हे तेल येते कोठून, याचा विचार शिक्षकाने अवश्य करावा.

डोक्याच्या त्वचेत केसांच्या मुळांशी बारीक तैलग्रंथी असतात. तळहात व तळपाय सोडल्यास त्या अंगावर बहुतेक सर्वत्र आढळतात. परंतु डोके व चेहरा या ठिकाणी त्यांची दाटी विशेष असते. त्यांतून स्रवणारा स्निग्ध पदार्थ केसाच्या कडेने वर येतो व केस आणि त्वचा मऊ राखतो. तो मळ नव्हे. धूळ व घाम त्यात मिसळल्यावर मात्र मळ तयार होतो.

या ग्रंथींचे कार्य वयाप्रमाणे बदलते, आणि शिक्षकाला सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट हीच होय. तान्ह्या मुलाच्या टाळूवर कधी कधी चिकट खपली दिसते, कारण जन्मानंतर काही काळ या ग्रंथी जागृत असतात. पुढे त्या मंदावतात व सात-आठ वर्षांपर्यंत जवळजवळ स्वस्थच राहतात. म्हणून पहिली-दुसरीतील मुलाचे केस निथळत असतील, तर ते तेल बहुधा आईच्या हातचे असते. सहावी-सातवीच्या सुमारास, वयात येण्याच्या काळात, काही संप्रेरके वाढू लागतात. त्यांस पुरुष-संप्रेरके म्हणत असले तरी ती मुलींच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतात. त्यांच्यामुळे तैलग्रंथी चेतवल्या जातात. काल न्हालेल्या मुलीचे केस आज चिकट दिसतात, तोंडावर मुरमे येतात. अशा मुलीस सर्वांदेखत अस्वच्छ ठरविणे म्हणजे वाढीच्या खुणेबद्दल तिला शिक्षा करणे होय. आणि या वयातील मुलीस शाळा नकोशी व्हावयास तेवढे कारण पुरते.

आनुवंशिकतेचाही भाग असतोच. सरळ व बारीक केसांवर तेल लवकर पसरते, कुरळ्या केसांवर ते सावकाश पसरते.

पाण्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड असते. त्यातील क्षार व साबण यांच्या संयोगाने न विरघळणारा साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. मुलगी न्हाऊन येते, तरी केस चिकटच राहतात! अशा गावी शिकेकाई किंवा रिठा वापरावा. शांपूही चालेल, कारण त्यांचा असा साका होत नाही.

वारंवार धुतल्याने डोके अधिकच तेल सोडते, असा समज आढळतो. ग्रंथींचे काम मुख्यतः आतील संप्रेरकांवर चालते, धुण्यावर नव्हे. तेव्हा वयात आलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन-तीनदा केस धुण्यास हरकत नाही. पाणी दुरून आणावे लागते अशा वस्तीवर हे सांगणे सोपे नाही. तेथे निदान वरून लावावयाचे तेल कमी करावे.

कोंड्यावर तेल चोपडण्याची रीत तर उलट फळ देते. डोक्यावर स्वभावतः राहणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचा कोंड्याशी निकट संबंध असतो व ती त्वचेतील स्निग्ध द्रव्यावरच पोसते. उवांचा मात्र तेलकटपणाशी संबंध नाही. त्या डोक्याला डोके लागून पसरतात आणि स्वच्छ केसांतही होतात.

तेलाखाली एखादे दुखणे झाकलेले राहू शकते, एवढे पाहणीत ध्यानात ठेवावे. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गेलेला, खवले सुटणारा गोल चट्टा दिसल्यास तो नायटा असण्याचा संभव असतो. अशा मुलास वर्गात काही न बोलता पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. डोक्यावरील नायटा नुसत्या मलमाने जात नाही. त्यास पोटात घ्यावयाचे औषध लागते.