मृगातली ठोंबांची रोवणी

आषाढात सडक अर्जुनी तालुक्यातल्या बांध्यांमध्ये रोवणीची लगबग असते. पऱ्ह्यांची जुडी सोडायची, दोन-तीन रोपं वेगळी करायची आणि बोटांनी चिखलात खोचायची. हे ज्या हातांना येतं, त्यांना अंगणातला गवती चहा, वाळा किंवा शोभेचं गवत फोडून लावणं अवघड नाही. भातही शेवटी गवतच. सांभाळायचं ते एवढंच, हंगाम आणि जागा.

बेट का फोडायचं? गवताचे नवे फुटवे कडेने येतात, जुने मधोमध मरतात. तीन-चार वर्षांत बेटाचा मध्य पोकळ होतो, पानं बारीक पडतात. अशा वेळी खत घालून फारसा उपयोग होत नाही. कडेचे जोमदार फुटवे घ्यावेत, मधला वाळका भाग टाकून द्यावा.

परदेशी बागकामाची पुस्तकं या कामाला मार्च-एप्रिल सांगतात. थंड मुलखात तेव्हा वसंत सुरू होतो आणि उबेत वाढणारी ही गवतं जागी होतात. आपल्याकडे त्याच दिवसांत ऊन चढू लागतं आणि पुढे मे महिना पारा ४५ अंशांवर नेतो. तुटलेल्या मुळांना पानांची तहान भागवता येत नाही. म्हणून मृगाचा चांगला पाऊस झाला, जमीन खोलवर भिजली, की बेट फोडावं.

आधी पानं वीतभर ठेवून विळ्याने कापावीत; पानं कमी, तेवढं बाष्पीभवन कमी. बेटाभोवती सब्बलीने माती सैल करून ते उचलावं. लहान बेट हातानेच सुटतं, जुनं कुऱ्हाडीने चिरावं लागतं. प्रत्येक ठोंबात दोन-तीन फुटवे आणि थोडी मुळं हवीत. ठोंब सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवावेत आणि शक्यतो त्याच दिवशी लावावेत. ठोंब पूर्वी होता तेवढाच खोल लावावा. फुटव्यांचा बुडखा गाडला तर कुजतो. भोवतालची माती पायाने दाबावी.

गवती चहाला दोन ठोंबांत दीड-दोन फूट अंतर आणि पाणी न साचणारी उंच जागा लागते. वाळा चिखलातही तगतो आणि दुष्काळातही. त्याची मुळं सरळ खाली तीन-चार मीटर जाऊ शकतात. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले आहेत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी माती अडवण्यासाठी त्याचा प्रचार केला. अंगणाच्या उतारावर वीतभर किंवा त्याहून कमी अंतराने ओळ लावली, की वाहती माती तिथे थबकते.

नर्सरीतून नवं गवत आणताना मात्र त्याचं बी कुठे जाईल, हे पाहावं. हिरवं फाउंटन ग्रास हवाई बेटांवर शोभेसाठी नेलं गेलं. आज तिथे ते रानभर पसरलं असून वणव्यांना इंधन पुरवतं. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारच्या गावांनी हे लक्षात ठेवायला हवं. गवती चहा क्वचितच फुलतो आणि वाळ्याच्या दक्षिण भारतीय वाणाला उगवणारं बी धरत नाही. ही गवतं ठोंबानेच वाढतात, म्हणजे माणूस नेईल तिथेच जातात.

दिवाळीनंतर थंडीने वाढ मंदावते, त्या काळात बेट उपटू नये. मध्ये पोकळ झालेली बेटं कोणती ते पाहून त्यांच्याजवळ काठी रोवून खूण करावी. उन्हाळाभर अधूनमधून पाणी द्यावं आणि नव्या ओळीची जागा पाऊस येण्याआधीच शेणखत घालून तयार ठेवावी.